स्वखुशीने आलेली बाई

डेपोतल्या लोकांनी तिचं नाव तोफ ठेवलं होतं. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा मात्र तिला राग आला नाही, कारण तेवढं एकच नाव आजवर कोणी विचार करून ठेवलंय असं तिला वाटलं. बाकी राग तिच्या नाकावरच असायचा. कच्चा दोरा आला की राग, नवीन शिवलेल्या सीटवर कोणी पहिल्याच दिवशी ब्लेड मारलं की राग. बसच्या सीटा शिवणं हेच तिचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये, वर पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, आणि खाली ही बाई फाटलेलं रेक्झिन उसवतेय, चेपलेला फोम ओढून काढतेय, नवा कोंबून वरून खोळ चढवतेय आणि दाभणाने टाचतेय. नवरा तरुणपणीच गेला. मुलाला तिने याच कामावर वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं.

निवृत्तीचा दिवस जवळ आला, तसा डेपोचा क्वार्टर रिकामा करायचा प्रश्न आला. एका रविवारी मुलाने तिला जेवायला बोलावलं आणि पहिला घास घेतल्या घेतल्या म्हणाला, "आई, आमचं ठरलंय. तू इकडे यायचं. वॉशिंग मशीनची खोली आहे ना, मशीन बाल्कनीत हलवू. पलंग मावतोय, मी मोजून बघितलंय."

"कधी मोजलंस?"

"झाला की महिना."

"आणि मला आज सांगतोयस."

"तुझ्या डोक्याला कशाला ताप, म्हणून."

सूनबाई वाढता वाढता म्हणाल्या, "पडदासुद्धा आणलाय आई. पिवळा. तुम्हाला आवडेल."

पडदा आणला म्हटल्यावर तिचं डोकंच फिरलं. बसच्या सीटचं माप घेतानाही ती ड्रायव्हरला विचारायची, की बाबा, पाठ कुठे टेकते तुझी? आणि इथे तिच्या उरलेल्या आयुष्याचं माप तिला न विचारता घेऊन झालं होतं, वर त्याला पिवळा पडदाही लावून झाला होता.

"मी उत्तरेला राहायला जाणार आहे," ती म्हणाली.

हे तिने तोपर्यंत ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला जाणवलं की हे आपल्या मनात कधीपासून पडून आहे.

त्याचं असं झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका लहानशा गावात डेपोची बस बंद पडली होती. टपातून पाणी गळून सीटा पार कुजल्या होत्या, म्हणून मेकॅनिकबरोबर हिलाही पाठवलं. ते त्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. एक स्टँड, एक उतरता रस्ता, रस्त्याच्या टोकाला तळं, आणि हाडात शिरणारा गार वारा. ती स्टँडच्या ओट्यावर बसून सीटा शिवत होती आणि मध्येच तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण कपाळावरचा घाम एकदाही पुसलेला नाही. संध्याकाळी ती एकटीच तळ्यापर्यंत चालत गेली. मागून कोणी हाक मारली नाही. इथे राहावं, असं तिच्या मनात आलं. मग बस दुरुस्त झाली आणि ती तिच्यातूनच परत आली.

"तिथे कोण आहे आपलं?" मुलाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय? मला तिथे बरं वाटतं."

"बरं वाटायला माणूस चार दिवस जातो, आई. राहायला नाही जात."

धाकट्या बहिणीचा फोन आला. "अगं, लोक म्हणतील सुनेने हाकलली."

"त्यांना सांग, मीच सगळ्यांना हाकललं म्हणून," असं म्हणून तिने फोन ठेवला. चिडल्या चिडल्या सामान बांधलं, चिडल्या चिडल्या बसमध्ये चढली, आणि बस गावाच्या वळणावर आली तेव्हा तिला एकदम रडू फुटलं. त्याचाही तिला रागच आला.

गावात एका निवृत्त नर्सबाईंच्या घराची वरची खोली तिला भाड्याने मिळाली. लाकडी जिना, एक खिडकी, कोपऱ्यात शेगडी. नर्सबाई एकट्याच राहायच्या. अंगाने शिडशिडीत, बोलायला तुटक, आणि गावातल्या अर्ध्या लोकांना जन्मताना उलटं धरून चापट मारलेली त्यांनी, त्यामुळे सगळे त्यांना वचकून असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "इथे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मग इकडे कशा आलात?"

"राहायला."

नर्सबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू रोगी आजार लपवतोय.

पुढे हाच प्रश्न जो तो विचारू लागला. औषधवाल्याने विचारला, पाववाल्याने विचारला, ओळख ना देख अशा म्हाताऱ्याने रस्त्यात थांबवून विचारला. खरं उत्तर कोणाला पटेना. ज्याला जमलं तो हे गाव सोडून गेला होता. स्वतःच्या पायांनी इथे येणारं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं. तेव्हा त्यांनी आपापली उत्तरं तयार केली. सुनेने बाहेर काढलं. पोराने फसवलं. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून शेवटचे दिवस काढायला आलीय. पाववाला तिला एक पाव जास्तीचा द्यायला लागला आणि हळूच म्हणाला, "राहू द्या हो, तुमच्यासारख्यांसाठीच असतो."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?" तिने तो पाव त्याच्या काचेवर आपटला. "धडधाकट आहे मी! मला थंडी आवडते म्हणून आलेय! यात न कळण्यासारखं काय आहे?"

तिची पाठ वळल्यावर पाववाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या." हे तिने ऐकलं. वेडी म्हटलेलं तिने पचवलं असतं, पण 'बिचारी' तिला पचेना.

तिने नर्सबाईंच्या खालच्या पडवीत शिलाई मशीन मांडलं आणि गावातल्या खुर्च्या, सोफे नव्याने मढवून द्यायला सुरुवात केली. काम चोख होतं, लोक यायला लागले. येताना दया घेऊन यायचे आणि जाताना शिव्या खाऊन जायचे.

हिवाळा अर्ध्यावर आला आणि एके दिवशी स्टँडवरचा बाबू म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून बस खालच्या गावापर्यंतच. इथवर येणार नाही."

"का?"

"वरून हुकूम आलाय. प्रवासी नाहीत म्हणतात. आणि खरंच आहे, इथे येतंय कोण?"

"मी आले की!"

"तुमची गोष्ट वेगळी," बाबू टेबलावरची धूळ पुसत म्हणाला.

तिला वाटलं, आता गाव पेटेल. गावाने मान डोलावली. काय करणार, आपलं गावच असं, चालायचंच. ती घरी येऊन नर्सबाईंवर घसरली. "जन्म काढलात इथे. येऊन कोणी तुमची बस उचलून नेतंय आणि तुम्ही चहा पीत बसलाय?"

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. "तुमचा इथे अजून एक हिवाळा पुरा झालेला नाही. मला शिकवू नका. माझ्या दोन्ही मुली त्याच बसने गेल्या. मी स्टँडवर उभी राहून हात हलवला. त्या बसचं मला काय कौतुक असणार?"

तोफ तरातरा जिना चढली. वर जाऊन तिने शेगडीत लाकडं अशी फेकली, की खाली नर्सबाईंच्या छतातून भुसा पडला.

शेवटच्या बसचा दिवस उजाडला. पडवीत नर्सबाईंची जुनी आरामखुर्ची नव्या कापडात तयार होऊन उभी होती. तोफेने ती खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर दुपारी स्टँडकडे निघाली. रस्त्यावरचे लोक बघत राहिले. बस नुकतीच आली होती, प्रवासी उतरत होते. तिने खुर्ची बसच्या बरोब्बर नाकासमोर ठेवली आणि तिच्यात बसली.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "मावशी, बस वळवायचीय."

"नाही वळणार."

"अहो, मला वरून हुकूम आहे."

"मला खालून आहे."

तेवढ्यात बसमधून उतरलेला एक माणूस पुढे आला. तिचा मुलगा. गळ्याभोवती मफलर गच्च आवळलेला, नाक लाल.

"आई! हे काय करतेयस? उठ आधी. सामान कुठेय तुझं?"

"कसलं सामान?"

"आजची शेवटची बस ना? कळल्यावर रजा टाकून धावत आलो. पुन्हा तुला न्यायचं कसं? चल, याच बसने निघू."

"मला विचारलंस?"

"यात काय विचारायचं?" तो आता ओरडायला लागला. "खोली रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी! तुझी सून रोज पलंग झटकते, पडदा लावलाय, नातू विचारतो आजी कधी येणार! सगळं असून तू इथे, या... या टोकावरच्या गावात, रस्त्यात खुर्ची टाकून बसलीयस! लोक मला विचारतात, काय केलंस तू आईला? काय केलं मी? सांग ना सगळ्यांसमोर!"

स्टँडवर तोवर बरीच गर्दी जमली होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. पाववाला होता, औषधवाला होता. बाईला घर होतं तर. मुलगा होता, न्यायला आला होता, पलंग रोज झटकला जात होता. आणि तरी बाई इथे होती.

"तू काही केलं नाहीस," ती म्हणाली. तिचाही आवाज चढलेला होता. "चांगला आहेस तू. पण तू ठरवलेल्या जागी मी राहणार नाही. मी ठरवलेल्या जागी राहीन. आणि ही जागा कोणी बंद करायला निघालं, तर त्याच्या वाटेत बसेन!"

गर्दीतून नर्सबाई पुढे आल्या. "उठा," त्या तिला म्हणाल्या. "खुर्ची माझी आहे ती."

तोफ नाइलाजाने उठली. खुर्ची त्यांचीच होती, काय बोलणार? नर्सबाईंनी हात फिरवून नवं कापड चाचपलं, मग वळल्या आणि स्वतः खुर्चीत बसल्या. शाल गुडघ्यांवर ओढून त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "तुझ्या वेळी तुझ्या आईची सुटका मी केलीय, ठाऊक आहे ना? आता घाल बस माझ्या अंगावर."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

त्यानंतर कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पाववाल्याने दुकानातून स्टूल आणलं. औषधवाल्याने बाक आणला, त्याचा एक पाय मोडका होता, म्हणून खाली वीट लावली. बाबू हुकुमाचा माणूस, तो खुर्चीसकट दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. दिवस कलता कलता खालच्या गावाहून बसखात्याचे साहेब जीपने आले. ते आधी रागावले, मग समजूत घालू लागले, मग थंडीने कुडकुडले. नर्सबाईंनी त्यांना शाल देऊ केली नाही.

शेवटी ठरलं ते असं: मोठी बस जाणार, छोटी येणार, तीही दिवसाआड.

गावाने टाळ्या वाजवल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले, आणि तोफ त्यांच्यावर खेकसली, "अर्धी बस मिळालीय! अर्धी! नाचताय कसले?" कोणी ऐकलं नाही. पाववाल्याने तिला फुकट पाव दिला आणि या वेळी 'तुमच्यासारख्यांसाठी' म्हणाला नाही.

त्या गोंधळात मोठी बस निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी बस नव्हती, त्यामुळे मुलाला राहणं भाग पडलं. सकाळी तो शेगडीपाशी बसला होता. खिडकीबाहेर तळ्यावर धुकं होतं. त्याने शेगडीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "तुला आमच्याकडे यायचंच नव्हतं, तर तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

"रागावून सांगितलंस. तू सगळंच रागावून सांगतेस, आई. चहात साखर कमी आहे हेही, आणि जन्माची गोष्टही. त्यातली जन्माची कुठली, हे मी कसं ओळखायचं?"

ती पावाला लोणी लावत राहिली, इतकं की पाव फाटला. तोच त्याने खाल्ला.

तो गेला त्या दिवशी ती स्टँडवर गेली. छोट्या बसची मागची सीट उसवलेली होती, त्यावरून तिने ड्रायव्हरला इतकं झापलं, की मुलाला निरोप द्यायचा राहूनच गेला. बस वळणापार गेल्यावर ते तिच्या ध्यानात आलं. घरी येऊन तिने त्याला फोन लावला. तो अजून बसमध्येच होता. "पुढच्या वेळी पोराला घेऊन ये," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "मी रागावलेली नाहीये आत्ता," असंही म्हणाली.

सगळे आले उन्हाळ्यात. नातू तळ्यात पडला, सूनबाईंना खोली आवडली, मुलगा आणि ती दाराच्या कडीवरून भांडले.

ती त्याच गावात राहिली. पुढे नर्सबाईंना जिना चढवेना, तेव्हा दोघींनी मजले बदलले, आणि त्यावरूनही आठवडाभर कडाक्याचं भांडण झालं. अर्धी बस काही पुरी झाली नाही. दर पंधरवड्याला ती खालच्या गावी साहेबांच्या कचेरीत जाते, दारात उभी राहते आणि उरलेली अर्धी बस मागते. दरम्यान साहेब बदलले, टेबलं बदलली. नवीन साहेब रुजू झाला की शिपाई त्याला आधी पाण्याची जागा दाखवतो, मग तिच्याबद्दल सांगतो.