नंदावहिनीचं दूध

महिना होऊन गेला. अमरावतीला मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी होती, डबा उघडायच्या आत दादाचा फोन आला. "तुयी वयनी गेली," एवढंच बोलला. कावीळ हाताबाहेर गेली आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तरी मूर्तिजापूरच्या बसमध्ये बसल्यावर मला एकच सुचत होतं... तिला सांगायचं राहून गेलं.

नंदावहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होते. आमचा भाजीचा मळा. वांगी तोडताना बोटांत काटे गेले तरी तिचं बोलणं थांबायचं नाही. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली आणि ती पोर अकराव्या दिवशी गेली. नावही ठेवलं नव्हतं. दूध मात्र येतच राहिलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेवायची नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या कमलकाकू आल्या. त्यांच्या सुनेलाही मुलगी झाली होती. सून तापानं फणफणलेली, दूध उतरलं नव्हतं, आणि बाळाचे डोळे चिकटून आले होते.

"नंदे, पोरीच्या मायचं दूध डोयाले थंड राह्यते. दोन थेंब दे माय."

डोळे आले, कान दुखला, नाळेची जागा ओली राहिली, की आधी आईचं दूध. आमच्याकडे सगळ्याच बायका तसं मानत. माझी आईही म्हणाली, दे. वहिनी उठून बसली. तिच्या दुधाचं कुणाला तरी काम पडलं होतं...

वाटी मी न्यायचे, सकाळ-संध्याकाळ. परतले की ती विचारायची, "उघडले का वं डोये?" दुसऱ्याच दिवशी बाळाच्या पापण्या टम्म सुजल्या, पू येऊ लागला. मी म्हटलं, "हो, थोडे उघडले." तसं म्हटलं की ती दोन घास खायची. तिसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी ती स्वतःच गेली. बाळ पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. "अकोल्याले नेऊ. आत्ताच."

"थांब नं दोन रोज," काकू म्हणाल्या. "दुधानं उतरते."

वहिनीनं बाळ उचललं आणि एसटी गाठली. बाळाचा बाप मागून धावत गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी उजवा डोळा वाचवला. डावा गेला. दोन दिवस आधी आणलं असतं तर तोही राहिला असता, असं ते म्हणाले, हे वहिनीनंच घरी येऊन सांगितलं. मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

गावात वेगळंच पसरलं. मेल्या लेकराच्या मायचं दूध, म्हणून डोळा गेला. म्हणणाऱ्या कमलकाकूच. बारशाचं बोलावणं आलं नाही. पुढे वहिनीला दोन मुलगे झाले, पण दुसऱ्याच्या तान्ह्याला तिनं कधी हात लावला नाही. माझ्या मुलीलाही नाही. मी म्हटलं, "वयनी, डॉक्टर उशीर झाला म्हणाले होते. दुधाचा काय दोष?"

"दूध तं मायंच होतं नं, बाई."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तेरवीला ती मुलगी आली. पूनम, अकोटला दिली आहे. डावा डोळा पांढरा. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आत्या, मायी माय सांगते, नंदाकाकू नसत्या तं माये दोन्ही डोये गेले असते."

"हे तिले कधी बोलली का तू?"

"कशी बोलू? मले पाह्यलं का त्या आतल्या खोलीत निघून जायच्या. मले वाटे, माया डोया पाहून त्याईले कसंतरी होते."

मी तोंड उघडलं... आणि विचारलं, "चहा घेशील?"

"नको." ती आतल्या खोलीकडे पाहत होती. "एकडाव आत जाऊ का?"

वहिनीच्या बाजेवर, उशाशी घडी घालून ठेवलेल्या तिच्या लुगड्याशेजारी ती बराच वेळ बसून होती. मी दारापर्यंत गेले, आणि परत फिरले.