खालच्याच्या बाजूचा पंच

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात ज्या ज्या माणसावर माया केली, त्याला त्यांनी एकदा तरी उचलून आपटलेलं आहे. सख्खा भाऊ, चुलतभाऊ, कंपनीतले सोबती, समोरच्या खोलीतला केरळी फिटर, इतकंच काय, त्यांचं लग्न जमवून देणारे मामासुद्धा यातून सुटले नाहीत. ज्याला आपटलं नाही तो त्यांच्या लेखी नुसता ओळखीचा. मी त्यांच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यात, तालमीच्या मातीत ते वाढले. पुढे पिंपरीकडे कारखाने उभे राहिले तसे एका कंपनीत लागले आणि संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड केलं. तालीम गावाकडे राहिली, पण तिथली लाल माती त्यांनी गोणीत भरून एस.टी.च्या टपावरून आणली. लोकांच्या घरी कॉटखाली गव्हाची गोणी असते तशी त्यांच्या घरी ही मातीची गोणी असायची. पाहुणा आला की माझ्या मेहुणीला, म्हणजे अक्काला, आधी ती गोणी जुन्या लुगड्यानं झाकावी लागे.

दाजींच्या घरात वाद असा कधी झालाच नाही, कारण वाद सुरू व्हायच्या आत कुस्ती व्हायची. रेडिओ घ्यायचा की शिलाईचं मशीन, खिडकीला पडदा हवा की नको, यात्रेला गावी कुणी जायचं, सगळ्याचा निकाल बाहेरच्या खोलीत गोधड्यांवर लागे. शिलाईच्या मशीनसाठी अक्काच्या वतीनं तिचा भाऊ लढला होता, आणि म्हणून त्या घरात पुष्कळ वर्षं फक्त रेडिओ होता. रीत ठरलेली. आधी कप-बश्या फळीवरून खाली उतरवायच्या. मग गोणीतली चिमूटभर माती स्वतःच्या आणि समोरच्याच्या कपाळाला लावायची. मग मांडीवर थाप मारून असा शड्डू ठोकायचा की शेजारच्या खोलीतलं तान्हं मूल रडायला लागावं. पाठ टेकली की कुस्ती संपली, आणि हरलेल्याला अक्कानं गरम दूध आणून द्यायचं. जिंकणाऱ्याला काही नाही. जिंकलाय तो, त्याला दूध कशाला, असं दाजींचं म्हणणं. त्यांना स्वतःला त्या घरात कुस्तीचं दूध कधीच मिळालं नव्हतं आणि याचा त्यांना अभिमान होता.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी दापोडीला राहणारा, कचेरीत कारकून, छातीचं माप घेताना शिंप्यानं दोनदा टेप तपासावी अशी प्रकृती. दाजींनी मला प्रेमानं न्याहाळलं आणि विचारलं, "पावणं, जेवायच्या आधी का नंतर?" मला वाटलं चहाचं विचारताहेत. मी म्हटलं, आधीच बरं. त्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की या माणसाचं आपल्यावाचून अडलं होतं असं मला क्षणभर वाटून गेलं. ते कपाळाला काय लावताहेत हे कळायच्या आत मी गोधडीवर उताणा होतो, वर छप्पर दिसत होतं, आणि छपराच्या व माझ्या मध्ये दाजी होते. तेवढ्यात कुठून तरी एक तांबूस कुत्रा धावत आला, त्यानं दाजींच्या लेंग्याचा काठ दातांत धरला आणि सगळा जोर लावून त्यांना माझ्यावरून मागे ओढायला सुरुवात केली. सासरच्या माणसांपैकी माझी बाजू घेणारा पहिला तोच.

हा कुत्रा दुसरी पाळी संपवून येताना दाजींच्या सायकलीमागे कंपनीच्या गेटापासून आला होता. अक्कानं त्याचं नाव मोती ठेवलं, पण पहिल्याच कुस्तीत तो दोघांच्या मध्ये तोंड खुपसायला लागला तेव्हा दाजींनी ते बदलून पंच केलं. एरवी हा प्राणी इतका शांत की पोस्टमन त्याला ओलांडून आत यायचा. शड्डूचा आवाज झाला मात्र, की तो कॉटखालून बाहेर येई, कान मागे पाडून दोघांभोवती घिरट्या घाली, एकदाच भुंके आणि कुणीतरी खाली जाण्याची वाट बघे. खाली कोण गेलं हे दिसलं की वरच्याचा काठ धरून ओढायला लागे. चावा कधी नाही. फक्त ओढणं, आणि तेही इतक्या गंभीरपणे की हसायची सोय नाही. तो नेहमी खालच्याच्या बाजूचा. आता त्या घरात वर नेहमी दाजीच असत, त्यामुळे त्यांच्या एकूण एक लेंग्याला दातांची नक्षी होती आणि अक्का दुपारभर तेच शिवत बसायची, तेसुद्धा हातानं.

दाजींच्या मनाला ही गोष्ट फार लागली होती. चारचौघांत ते सांगत, "आमच्या घरात माज्या बाजूनं कुत्रंबी न्हाई." लोक हसत. त्यांना मात्र हे खरंच सलत असावं, कारण त्यांनी त्याच्यावर उपाय करून पाहिले. भाकरी स्वतःच्या हातानं घालून पाहिली. कुस्तीच्या आधी त्याच्या कपाळाला माती लावून पाहिली. शेवटी एका रविवारी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि म्हणाले, आज मी खाली पडतो, तुम्ही छातीवर बसा, बघू कसा येत न्हाई माज्या बाजूला. मी बसलो. आयुष्यात एवढ्या उंचीवरून मी जगाकडे प्रथमच बघत होतो. दाजी खाली विव्हळत होते, अगदी तमाशात शोभेल असं. पंच आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, एक जांभई दिली, आणि जाऊन दाजींच्याच लेंग्याचा काठ धरून ओढायला लागला. मी छातीवर बसलेला असूनसुद्धा खालचा मीच, हे त्यानं एका नजरेत ओळखलं होतं. दाजी पडल्या पडल्या म्हणाले, "सोंग कळतंय ह्याला." मला काय कळलं ते मी त्या दिवशी बायकोला सांगितलं नाही.

दाजींचा एकुलता एक मुलगा दत्ता. चालायला लागला तेव्हापासून तो या गोधड्यांवर पडत आणि दूध पीत मोठा झाला. आयटीआय झाल्यावर दाजींनी आपल्या कंपनीत त्याचं नाव लावून ठेवलं होतं. बापलेकांनी एका गेटातून आत जायचं, एका डब्यात जेवायचं, हे चित्र त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखं आठवतं. पण दत्ताला भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. तिथल्या अवजड यंत्रांबद्दल तो बोलायला लागला की त्याचा चेहरा गोधडी बघून बापाचा उजळायचा तसा उजळायचा. बापापुढे हे बोलायची त्याला छाती होईना. म्हणून तो दापोडीला आला आणि म्हणाला, काका, तुम्हीच आबांशी बोला.

मी रविवारी गेलो आणि कचेरीत टिपण वाचावं तसा सगळा मुद्दा मांडला. दाजींनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर ते खाली वाकले आणि कॉटखालची गोणी ओढली. म्हणाले, "बोलून काय हुतंय, पावणं. त्यानं मला पाडावं आन जावं." अक्का मुकाट्यानं कप-बश्या उतरवायला लागली. दत्ता एव्हाना दाराच्या चौकटीत मावेनासा झाला होता. पिंपरी गावातल्या तालमीत त्याला सहजी कुणी हात लावत नाही, हे वसाहतीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मशीनपुढे उभं राहून राहून दाजींचा गुडघा गेलाय, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्या दोन्ही गोष्टी ठाऊक नसलेला एकच माणूस त्या दिवशी शड्डू ठोकत होता.

बराच वेळ दोघं एकमेकांना धरून नुसते उभे होते. दाजींचा श्वास मला भिंतीपाशी ऐकू येत होता. मग दत्तानं त्यांना कमरेला धरून वर घेतलं. दाजींचे पाय गोधडीवरून सुटले. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. दत्तानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, आणि काचेचं सामान ठेवावं तसं बापाला अलगद खाली टेकवलं. दुसऱ्या क्षणी तो स्वतःच कोलमडून खाली गेला आणि दाजी त्याच्या छातीवर आले. पाठ टेकली होती. अक्का दूध तापवायला आत वळली. मीसुद्धा मनात म्हटलं, भोपाळ संपलं.

पंच कॉटपाशी उभा होता. तो सावकाश आला. दाजींच्या लेंग्याचा काठ त्यानं हुंगलासुद्धा नाही. त्यानं दत्ताच्या पायजम्याचं टोक धरलं आणि मागे ओढायला लागला. दत्ता हलेना, तसा तो सोडून देऊन वळसा घालून दाजींपाशी आला, त्यांच्या बरगडीला अंग घासून उभा राहिला आणि त्यांचं घामेजलेलं कोपर चाटायला लागला.

कुणीच हसलं नाही. दाजी कुत्र्याकडे बघत राहिले. हात अजून दत्ताच्या छातीवर होता.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"आबा, पाय घसरला," दत्ता छताकडे बघत म्हणाला.

"गोधडीवर पाय घसरत न्हाई." दाजी म्हणाले. "पडलास झ्याक. फकस्त पंचाला सांगायचं ऱ्हायलं."

मग त्यांनी एक हात कुत्र्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याच्या आधारानं उठले. अक्का दुधाचा पेला घेऊन आली होती. नेहमीच्या सवयीनं ती तो दत्ताला देत होती. दाजींनी मध्येच हात पुढे केला, पेला घेतला आणि सगळं दूध उभ्यानं, न थांबता पिऊन टाकलं. पेला परत देताना मिशी पुसून म्हणाले, "जा भोपाळला. तिकडची माती काळी असंल. हितली थोडी संगं ने." अक्का रिकामा पेला धरून तशीच उभी राहिली.

दत्ता गेला, तिथेच रमला. दिवाळीला येतो तेव्हा अंगणातूनच शड्डू ठोकतो. पंच उठतो आणि आता विचारबिचार न करता सरळ दाजींपाशी जाऊन उभा राहतो. कुत्रंबी आपल्या बाजूला नाही ही त्यांची तक्रार त्यानंतर कुणी ऐकली नाही. बरीच वर्षं जे मागितलं ते शेवटी मिळालं, पण मिळालं तेव्हा त्याबद्दल ते चारचौघांत काही बोलले नाहीत. नंतर केव्हातरी त्यांनी अक्काला शिलाईचं मशीन आणलं. ते कुस्तीवाचून घरात आलं, आणि तोवर फाटलेले लेंगे शिवायचे राहिले नव्हते.

परवा मी गेलो होतो. दाजी निवृत्त झालेत, कॉटवर बसून असतात. पंचाचं तोंड पांढरं झालंय, डोळ्यांत ढग आलेत. गोणी जागेवर आहे, पण तिच्यावर आता लुगडं घालायची गरज पडत नाही. मला पाहून दाजींनी विचारलं, "पावणं, जेवायच्या आधी का नंतर?" मी म्हटलं, आधीच. आणि मलाच माझं नवल वाटेल अशा रीतीनं बाह्या वर सारल्या. दाजींनी बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. शेजारचं मूल काही रडलं नाही. पंच मात्र चाहूल लागून उठला. त्यानं दाजींचा पाय हुंगला, मग माझा हुंगला. पुन्हा दाजींचा. मग आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये फरशीवर अंग टाकलं आणि डोळे मिटले.

"बरोबरीत सोडवली," दाजी म्हणाले, आणि त्यांनी आत हाक मारून दोन पेले दूध मागवलं.