माती राखाडी आढळली

उंबरपांढरी या गावाला हे नाव का पडले, हा प्रश्न गावात फक्त शहादेव गुरुजींना पडे आणि त्याचे उत्तर ऐकण्याची सवड कुणालाच नसे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे माणसांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, सारवण आणि पडक्या भिंती मुरून ही माती झालेली. गावाबाहेरचे दोन पुरुष उंचीचे टेकाड हीच ती जुनी वस्ती, असे गुरुजी भूगोलाच्या तासाला बावीस वर्षे सांगत आले. दोन ओढ्यांचा संगम, पूर सहसा पोचणार नाही अशी उंची, एका अंगाला काळे रान, दुसऱ्या अंगाला गुरांना माळ. शेती नुकतीच शिकलेल्या माणसाने बसावे तर इथेच. मुले हे वहीत उतरवून घेत आणि सहामाहीनंतर विसरत. सरकारला केलेल्या नऊ अर्जांचीही तीच गत झाली होती.

यंदा वडवणीकडच्या रस्त्याला भराव हवा होता आणि ठेकेदाराला मुरूम म्हणून हेच टेकाड दिसले. गुरुजींनी दहावा अर्ज केला: ‘सदर टेकाड ही प्राचीन पांढरी असून खोदकाम थांबवावे.’ नवल म्हणजे या वेळी कचेरीतले कारकून धोंडीराम स्वतः पाहणीला आले. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर चोळून पाहिली.

“गुरुजी, ही पांढरी हाय व्हय?”

“पांढरी म्हणजे वस्तीची जागा, भाऊसाहेब. मातीचा रंग नव्हे.”

“अर्जात तर पांढरी लिवलंय. मला वाटलं, चुना निघाला का काय. ही तर राखाडी दिसती.”

आठवड्याने उत्तर आले: ‘जायमोक्यावर पाहणी केली असता माती पांढरी नसून राखाडी आढळली. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सातवीच्या पोराने असे लिहिले असते तर गुरुजींनी त्याला उभे केले असते. कचेरीला कोण उभे करणार?

दुसऱ्या सकाळी जेसीबी आला. गुरुजी ओरडायलाच गेले होते. पण टेकाडाची उगवती बाजू सुरीने कापल्यासारखी उघडी पडली आणि ते ओरडायचे सोडून वाकून पाहू लागले. बावीस वर्षांत त्यांना कुणी एक खड्डा घेऊ दिला नव्हता, आणि आज या यंत्राने फुकटात अख्खी भिंत समोर धरली होती. तळाशी काळी माती, तिच्यावर चोपलेली जमीन, भाजून लाल झालेली चुलीची कड, वीतभर राख. मग पुराच्या गाळाची बोटभर पिवळी रेघ, आणि तिच्यावर पुन्हा चोपलेली जमीन. पाणी आले, माणसे हटली, परतली, अन् तिथेच उंच बसली. गुरुजी शाळेच्या पट्टीने एकेक थर मोजत राहिले आणि मागे ट्रॉल्या भरत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी भरावावर पाणी मारले, तर रोलर अर्ध्या चाकापर्यंत रुतला. ठेकेदार राधाकिशन कामगारांवर खेकसला, “मुरूम हाय का पीठ बे हे? कुणी दावलं?” जेसीबी दुपारीच निघून गेला.

टेकाड बरेचसे वाचले होते. दहा अर्जांनी जे झाले नाही ते चिखलाने केले, याचा गुरुजींना संताप आला. ते ओसरीवर अकरावा अर्ज लिहायला बसले: अहवालातील ‘राखाडी’ हा चुकीचा शब्द काढून तेथे ‘पांढरी’ असे नोंदवावे. शेजारची छबुबाई दारात टेकली होती. तिला त्यांनी तो वाचून दाखवला.

“मंग कागदावर पांढरी येईल?”

“यायलाच हवी.”

“मंग गेलंच की टेकाड! पाच गावचे लोक ट्रॅक्टर घिऊन येतेत. माळवदावर टाकाया, रानात खत म्हनून टाकाया, पांढरीला लई मागणी हाय. राखाडी म्हणल्यावर कोण फिरकतंय?”

“तुम्हीही दरसाल नेताच ना, मावशी?”

“मी टोपल्यानं नेती, गुरुजी.”

“पण ते चूक आहे हो! चूक तशीच ठेवायची?”

“ऱ्हाऊ द्या की. चूक कागदावर हाय, टेकाडावर न्हाई.”

फळ्यावरचा चुकीचा ऱ्हस्व-दीर्घसुद्धा पुसल्याशिवाय न हलणाऱ्या गुरुजींनी पेनाला टोपण लावले आणि अर्जाची घडी खिशात घातली.

“राखाडी,” ते पुटपुटले, आणि दाढ ठणकावी तसा त्यांचा चेहरा झाला.