डावीकडची खडी

हृतिक मढवी पहाटे सव्वाचारला उठायचा. गजर लावावा लागत नसे. त्याचे वडील काशिराम त्याच वेळी अंगणातल्या नळाखाली तोंड धुवायचे, आणि खाकरण्याच्या आवाजानं सगळं घर जागं व्हायचं. काशिराम तीस वर्षं दगडखाणीत होते. खाण बंद झाली, उठायची वेळ बदलली नाही.

दोन वर्षांपूर्वी हृतिकला दुसऱ्या राज्यातल्या एका फुटबॉल क्लबनं घेतलं. मुंबईच्या लीगमधून एकदम देशातल्या वरच्या लीगमध्ये. ओवे गावाच्या नाक्यावर दीपेशनं फ्लेक्स लावला. दीपेश त्याचा लहानपणापासूनचा मित्र. फ्लेक्सवर बावीस शुभेच्छुकांचे फोटो, चार जणांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि ज्याचं अभिनंदन तो गोलकीपर खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा.

भामानं, म्हणजे हृतिकच्या आईनं, खाली उभं राहून विचारलं, "यात माझा पोरगा कुठला?"

"काकी, हा काय. हातमोजेवाला."

"मोजेच दिसतात रं, तोंड कुठं हाय?"

वर्ष गेलं. पगार चांगला होता, हॉटेल चांगलं होतं, बूट क्लबचे. पण हृतिक तिसरा गोलकीपर होता. पहिला खेळायचा, दुसरा बाकावर बसायचा, तिसरा सरावात चेंडू गोळा करून द्यायचा. वर्षभरात सामने शून्य. तरी क्लब आणखी एका वर्षाची सही मागत होता.

हृतिकनं घरी फोन लावला. पगार किती वाढणार ते सांगितलं.

काशिराम म्हणाले, "ते समजलं. काम किती झालं?"

"सराव रोज हाय बाबा."

"सराव नाय विचारला. खाणीत पहार धरून उभा राहणारा पन मानूसच असतो. त्याला आमी कामगार नाय बोलायचो."

हृतिकला राग आला. दोन दिवस त्यानं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सही न करता बॅग भरली.

परत येऊन तो मुंबईच्या लीगमधल्या एका लहान क्लबात लागला. पगार अर्ध्यावर आला, पण पहिला गोलकीपर म्हणून. नाक्यावर फ्लेक्स अजून होता, उन्हानं पांढरा पडलेला. कोणी ना कोणी रोज टोमणा मारायचं, "काय हृतिकशेठ, वरून खाली? लिफ्ट बिघडली काय?" तो हसून पुढे जायचा. त्याचं गणित सरळ होतं. पंचविसावं चालू होतं. इथं एक हंगाम नीट खेळला, तर कोणीतरी वर बोलावेल, आणि ते बाकावर बसवायला नसेल. इथं जमलं नाही, तर पुढे गावोगावच्या स्पर्धा, ट्रॉफी आणि बिर्याणी. त्यात पगार नाही.

पहिल्या तीन सामन्यांत सात गोल खाल्ले.

प्रशिक्षक विनायक सरांनी त्याला खारघरच्या मैदानावर कडेला बसवलं आणि मोबाइलवर सातही गोल दाखवले. एकदा नाही, तीनदा.

"काय दिसतंय?"

"बचावफळी उशिरा येते, सर."

"त्यांचं मी बघतो. तू स्वतःला बघ. सातपैकी सहा डावीकडे. उजवीकडे मांजरासारखा झेपावतोस. डावीकडे झेप घ्यायच्या आधी एक पाऊल जास्त टाकतोस. त्या पावलात चेंडू आत जातो. समोरच्यांना हे तीन सामन्यांत कळलं. तुझ्या वरच्या लीगमध्ये कोणाला दिसलं नाही?"

हृतिकनं मोबाइल परत दिला. न खेळणाऱ्याची चूक कोणाला दिसणार?

"दोन सामने देतो," सर म्हणाले. "मग अपूर्वला उभा करीन. वाईट वाटून घेऊ नकोस."

अपूर्व दुसरा गोलकीपर. एकोणीस वर्षांचा, उंच, सरावाला कधी उशीर न करणारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता हृतिक गावच्या मैदानावर गेला. याच गोलमध्ये तो शिकला होता. काशिराम मागून आले. येताना फाटक्या जाळीची पिशवी भरून जुने चेंडू आणले होते. ते लांब उभे राहून हातानंच डावीकडे चेंडू फेकू लागले. आठ-दहा चेंडू झाल्यावर थांबले.

"तू पडायच्या आधी खाली बघतोस."

"नाय बघत."

"बघतोस. तिथं खडी असायची."

हृतिकनं खाली पाहिलं. डाव्या खांबापाशी जमीन अजून टोकदार होती. तो शाळेत असताना एका बिल्डरच्या गाड्या सहा-सात वर्षं तिथंच खडी ओतायच्या. एकदा तो तिच्यावर पडला आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सोलवटला. आईनं हळद भरली. तेव्हापासून त्या बाजूला पडण्याआधी एक पाऊल टाकून जागा बघायची सवय लागली. पुढे हिरवळीची मैदानं मिळाली. पाय मात्र अजून खडीच बघत होते.

काशिराम खाली वाकले. एक तुकडा उचलून अंगठ्यानं घासला.

"आमच्याच खाणीची हाय. मीच भरली असंल."

दोघंही हसले. मग काशिरामनी चेंडू उचलला. "चल. खाली बघितलंस की मोजायचा नाय तो."

रोज दीडशे चेंडू, सगळे डावीकडे. पहिल्या आठवड्यात कंबर काळीनिळी झाली. आठ वाजता खारघरला क्लबचा सराव, तो वेगळा. चौथ्या सामन्यात एक गोल गेला, तोही डावीकडूनच. पाचव्यात समोरच्यांना पेनल्टी मिळाली, आणि मारणाऱ्यानं सांगून ठेवल्यासारखी डावीकडे मारली. हृतिकनं पाऊल टाकलं नाही. चेंडू मनगटाला लागून बाहेर गेला. अपूर्व बाकावरून सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

हंगामात हृतिक अठरा सामने खेळला. शेवटी वरच्या लीगमधल्या एका साध्या क्लबचा फोन आला.

काशिरामनी एकच विचारलं, "उभा करतील?"

"पहिला म्हणून सही हाय."

"मग जा."

दीपेश नवा फ्लेक्स छापायला निघाला होता. हृतिकनं त्याला थांबवलं. त्याला दुसरं काम होतं. जाण्याआधी त्यानं गावच्या मैदानातली डाव्या खांबाजवळची जमीन हातभर खोल खणून घेतली. काशिरामनी सहा दिवस बसून एकेक खडा वेचला. कोणाला हात लावू दिला नाही. मग तीन डंपर लाल माती आली, वर चाळलेली रेती पसरली, पाणी मारलं.

आठव्या दिवशी पहाटे हृतिक तिथं डावीकडे पडला. कुठं काही टोचलं नाही.

"परत," काशिराम म्हणाले.

खालच्या लीगमधल्या वर्षभराच्या पगारातून जे मागं राहिलं होतं, त्यातून ही माती आली.