वाऱ्याची पारख

आसराबाई जालन्याच्या कापसाच्या जिनात लागली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत तिच्या तोंडून जेवढे शब्द निघाले असतील त्याच्या दसपट ती हातांनी बोलली असेल. जिनात समोरासमोर दोन रांगांनी चोवीस रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, होते. शाफ्ट फिरू लागला, पट्टे सळसळू लागले की शेजारणीचा खोकलाही ऐकू येत नसे. नुसते तिचे खांदे हललेले दिसत. रेच्यापुढं बसलेली बाई मुठीमुठीनं कापूस आत सारी. रुई पुढं पडे, सरकी खाली, आणि दोन्हींत न मोडणारं तूस हवेत तरंगत राही. ते भुवयांवर बसे, पदरावर बसे, फडक्यात बांधलेल्या भाकरीवर बसे. दुपारपर्यंत समोरची रांग धुरकट होई. दिवस कलताना ती नसल्यासारखीच होई.

शेजारच्या रेच्यावर आष्टीकडची गोजरबाई बसायची. या दोघींनी हातांची एक भाषाच करून टाकली होती. नाकपुडीला बोट लावलं की मॅनेजर रामराव, कारण त्यांना तपकीर लागे. मूठ उघडून फुंकर मारली की आज भाकरी आणली नाही. तळवा उताणा करून खांद्यापर्यंत नेला की काय सांगू बाई, नशीब. गोजरबाई तेवढ्यातही थट्टा करी. रामरावांची चाल ती दोन बोटांनी मांडीवर चालवून दाखवी आणि आसराबाईला हसू आवरत नसे. हसताना तोंडात तूस जाई, म्हणून मग दोघी ओठ मिटून हसत.

गोजरबाईखेरीज आसराबाईला माणूस नव्हतं. तिचं सासर अंबड तालुक्यात. नवऱ्याचा पाय अधू होता, त्याला वावडीवर उभं राहणं जमत नसे. वावडी म्हणजे खळ्यातली तीन पायांची उंच घडवंची. तिच्यावर उभं राहून टोपल्यातून धान्य सोडायचं, वाऱ्यानं भुसा उडून जातो. बाईनं वावडीवर चढू नये असा गावाचा दंडक. पण ज्वारी पडून राहिली असती म्हणून आसराबाई चढली. आधी चिमूटभर भुसा सोडायचा, तो कुठं जातो ते बघायचं, मगच टोपलं कलतं करायचं. तिला वारा असा कळू लागला की शेजारच्या खळ्यांवरचे पुरुष हळूच तिच्याकडं बघून आपली वावडी फिरवू लागले. पारावर बसले की मात्र तेच तिला 'वावडीवाली' म्हणून हसत. नवरा गेल्यावर दिरानं तिला खळ्याची वाट बंद केली. मूल नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. ती जालन्याला आली, आणि ते नावही कुणाच्या तरी तोंडून तिच्या मागोमाग आलं.

मागल्या हंगामात शिमग्याच्या आधी तुसानं गोजरबाईची छाती भरली. चार पावलं चालली की ती भिंत धरी. कापूस घेऊन येणारा आष्टीचा गाडीवान कडूबा तिला परत न्यायला आला तेव्हा आसराबाई जिनाच्या फाटकापर्यंत गेली.

"आसरे," गोजरबाई गाडीत बसता बसता म्हणाली, "हितली हवा बदलली तं येईन बघ. तवर न्हाई."

एवढंच. गाडी गेली. त्या दिवसापासून आसराबाईचे हात कापसापुरते उरले. संध्याकाळी खोलीवर आली की ती चूल पेटवी, दोन भाकऱ्या थापी, आणि कधी कधी तिच्या लक्षात येई की आज दिवसभरात आपण एक शब्द बोललो नाही.

पुढच्या दिवाळीनंतर जिन सुरू झालं तेव्हा सहा रेचे रिकामे होते. बाया टिकत नव्हत्या. अखेर जिनाच्या मालकानं, सेठनं, मनावर घेतलं आणि मुंबईहून एक एजंट हवेची दोन यंत्रं घेऊन आला. जे पसंत पडेल ते कायमचं बसवायचं. निजामावरच्या पोलिस ॲक्शनला तेव्हा अजून दहा वर्षं होती. जालन्यात लोक विजेचा दिवा पाहायलासुद्धा थांबत. यंत्रं शाफ्टच्या पट्ट्यावर चालणार होती, तरी बघ्यांची फाटकाशी गर्दी झाली.

पहिलं यंत्र म्हणजे लाकडी पेटी होती. तिच्या तिन्ही बाजूंना वाळ्याचे पडदे, वरून पाण्याची धार, आणि आतला पंखा ती गार हवा खोलीत फेकी. दुसऱ्यात काहीच नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीत बसवलेला नुसता लोखंडी पंखा, तोही उलटा. आतली हवा ओढून बाहेर टाकणारा.

जेवणाच्या सुट्टीत रेच्यांचे पट्टे उतरवले, तूस खाली बसलं, आणि एजंटनं बायांना रांगेनं उभं केलं. "देखो बाई, आराम से देखो, और पसंद बोलो."

पेटीसमोर बाया थांबल्या त्या हलेनातच. पुष्पाबाईनं तर डोळेच मिटले. "अगं बाई, अत्तराच्या दुकानात बसल्यावाणी वाटून राह्यलं!"

"सरक की पुढं, तुझ्या बापानं घेतलाय का पंखा?" मागून दुसरी ओरडली.

लोखंडी पंख्यासमोर मात्र त्या क्षणभरच उभ्या राहिल्या. "ह्याच्यात काय हाय? वारंच लागंना."

रामरावांनी तपकीर ओढली. "ठरलं मंग. गार हवेचाच घेऊ. बायकांची पसंती म्हणजे बिलकुल पक्की."

आसराबाई रांगेच्या शेवटी होती. गोजरबाई ज्या हवेवर परत येणार होती ती ही नव्हे, हे तिला दिसत होतं, जसं खळ्यावर दिसे. पण चारचौघांत बोलायची सवय राहिली नव्हती. घसा खाकरून ती म्हणाली, "साहेब, रेचे चालू करून बघा."

"सुट्टी आहे आता."

"म्हणूनच म्हणते. सुट्टीत तूस कुठं हाय? आत्ता कोणताबी पंखा ग्वाड लागन."

"हे बघा, वावडीवाली बोलली!" रामराव म्हणाले, आणि बाया हसल्या. "तू काय खळ्यावर उभी आहेस का?"

"उभी ऱ्हाते की. घडवंची मागवा."

हशा वाढला. पण एजंटला मजा वाटली की काय, त्यानं इंजिनवाल्याला हात केला. "चलाओ, चलाओ. बाई की भी सुनो."

रेचे सुरू झाले. पेटीनं गार हवा फेकली तसं कोपऱ्याकोपऱ्यातलं तूस उठलं. आजवर ते तरंगत होतं, आता ते गरगरू लागलं. बाहेर जायला वाट नव्हती. ते छताला लागून फिरे आणि पुन्हा बायांच्या तोंडावर येई. पुष्पाबाईनं पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं पेटीजवळचे दोन रेचे कण्हू लागले. ओलसर कापूस रुळाला गुंडाळला होता. रामरावांनी धावत जाऊन पट्टे उतरवले.

मग लोखंडी पंखा. घडवंची आली होती. आसराबाई लुगडं सावरून वर चढली आणि मुठीतलं तूस तिनं चिमटीनं सोडलं. ते थोडं पंख्याकडं गेलं आणि मध्येच रेंगाळलं. रामरावांना बोलायला तोंड मिळालं होतं, पण तिनं वरूनच पूर्वेच्या बंद खिडक्यांकडं बोट दाखवलं. त्या नेहमी बंद असत. रुई उडेल म्हणून. इंजिनाच्या आवाजावर ती ओरडली, "त्या उघडा! इकडून आलं तं तिकडून जाईल. कोंडलेल्या घरातून वारं वढून वढून किती वढील?"

खिडक्या उघडल्या. तिनं दुसरी चिमूट सोडली. तूस तिच्या बोटांवरून सुटलं आणि दोन्ही रांगांच्या वरून, सरळ, कुणी दोरीनं ओढावं तसं पंख्यात गेलं. कुणी हसलं नाही. खाली उतरताना एजंटनं तिला हात दिला. तिनं तो घेतला नाही, घडवंचीचा पाय धरून उतरली.

दत्तजयंतीच्या आत तसाच मोठा पंखा भिंतीत बसला. आठ दिवसांत समोरची रांग दिसू लागली. नऊ वर्षं आपण ज्यांच्यासमोर बसलो त्या बायांचे चेहरे आसराबाईनं तेव्हा नीट पाहिले. एक-दोघी तिला वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच म्हाताऱ्या होत्या.

तिनं कडूबाबरोबर निरोप धाडला. "म्हणावं, हवा बदलली. मी सोता उभी राहून बदलून घेतली. आता ये."

बाकीचे रेचे आता भरले होते. गोजरबाईच्या रिकाम्या रेच्यासाठी झुंबरबाई नावाची एक नवी बाई रोज फाटकाशी येऊन बसत होती. आसराबाईनं रामरावांना विनवलं, संक्रांतीपर्यंत तो रेचा ठेवा. रामरावांनी तो ठेवला. आसराबाई रोज सकाळी आपल्या रेच्याआधी तो पुसून घेई. जिनात आता बाया सुट्टीत गप्पा मारत, गाणीसुद्धा म्हणत. तिलाही बोलावत. ती येते म्हणे आणि फाटकाकडं जाई. आष्टीच्या गाड्या दुपारी येत.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कडूबाची गाडी आली. गाडीत कापूस होता.

"गोजरमावशी बऱ्या हायेत," कडूबा बैल सोडता सोडता म्हणाला. "सून बाळंत झाली, नात झाली. दोन शेळ्याबी घेतल्यात. छाती आता बराबर हाय. म्हणल्या, आसरीनं हवा बदलली, लई चांगलं केलं. पन मला आता हितलीच मानवली म्हणावं."

"अजून काय म्हणली?"

"अजून?" कडूबानं आठवून पाहिलं. "न्हाई, एवढंच. अन् नातीच्या बारशाला ये म्हणल्या होत्या. पन ते तं झालं बी, मावशी. मलाच यायला उशीर झाला." तो ओशाळून हसला. "मंग, काय सांगू परत?"

आसराबाईनं बैलाच्या पाठीवरचं तूस झटकलं.

"निरोप भेटला म्हण."

ती आत गेली. रामराव काट्यापाशी उभे होते.

"साहेब, तो रेचा द्या झुंबरबाईला."

"का? येत न्हाई का ती?"

"न्हाई," आसराबाई म्हणाली. "तिला तिकडची हवा मानवली."