नावाखालची मोकळी जागा

आमचे बाबा गवंडी. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात घरं बांधणारे पुष्कळ आहेत, पण दगडावर अक्षरं कोरणारे ते एकटेच. ख्रिस्ती वस्तीच्या कबरस्तानात गेल्या तीस वर्षांत जेवढ्या कबरी झाल्या, त्यांवरची सगळी नावं बाबांच्या हातची. त्यांची एक पद्धत होती. नवरा आधी गेला तर त्याच्या नावाखाली वीतभर जागा बायकोसाठी सोडायची, बायको आधी गेली तर नवऱ्यासाठी. कुणाला विचारायचं नाही, सोडायचीच. लहानपणी मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत, म्हणून बाकीच्या रविवारी आमच्या छोट्या चर्चमध्ये संदेश द्यायचं काम बाबांकडे असे. विषय कुठलाही निघो, ते फिरून क्रुसापाशी यायचे. प्रभूनं एकदाच प्राण दिला आणि सगळ्यांसाठी दिला, म्हणून आता मरणाची भीती उरली नाही, आणि हेच आपलं खरं स्वातंत्र्य, असं ते सांगत. मी मागं बसून जांभया देत असे. माझा धाकटा भाऊ मात्र पुढच्या सतरंजीवर बसून एकेक शब्द कान देऊन ऐकायचा. तेव्हाच त्याला हाताला धरून मागं आणायला हवं होतं, असं मला आज वाटतं. कुणी हसावं तर खुशाल हसावं.

तीनेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गावातला एक जवान सीमेवर शहीद झाला. लिंगायत घरातला, सव्वीस वर्षांचा, लग्न ठरत आलेला. सुट्टीवर आला की रोज पहाटे आमच्या धाकट्याला घेऊन रस्त्यावर पळायचा, त्याला भरतीची तयारी करून द्यायचा. त्याला त्यांच्या शेतात माती दिली, तेव्हा सारा तालुका लोटला होता. धाकटा त्या गर्दीत रडला नाही. घरी येऊन त्यानं पळायचे बूट धुतले आणि उन्हात ठेवले. ते बूट बघूनच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

ग्रामपंचायतीनं शाळेसमोर चौथरा बांधून त्यावर काळ्या ग्रॅनाइटची शिळा उभी करायचं ठरवलं, आणि काम अर्थातच बाबांकडे आलं. महिनाभर ते शिळेपुढे बसून होते. इतकी सुबक अक्षरं त्यांनी आजवर कुठल्याच कबरीवर कोरली नव्हती. जुलैत शिळा उभी राहिली, गावकरी बघायला जमले, आणि तेव्हा दिसलं की बाबांनी नावाखाली जागा सोडली आहे. वीतभर नव्हे, शिळा मोठी म्हणून चांगली हातभर. जवानाला बायको नव्हती. जागा कुणासाठीच सोडायची नव्हती. पण इतक्या वर्षांचा हात, तो आपल्या सवयीनं चालला.

बाबा चूक सांगणार, तेवढ्यात सरपंचांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"मिस्त्री, लई पुढचा विचार केलात बगा. आपली सहा पोरं हायत फौजेत. अजून भरतीला चाललेत. जागा लागनारच की."

माणसं माना डोलवत होती. बाबांची चूक सांगायची राहूनच गेली. सरपंचांचा मला इतका संताप आला की मी तिथून निघूनच आले. माणूस तसा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. त्याच आठवड्यात धाकट्याची भरतीत निवड झाल्याचं कळलं.

आमच्या घरात पेढे आले नाहीत. आई पिठाच्या गिरणीला शाळेवरून जायची ते सोडून ओढ्याकडून वळसा घालून जाऊ लागली. मी लातूरला नोकरीला, दर शनिवारी एसटीनं गावी येते. त्या शनिवारी आले तर बाबा आणि धाकटा समोरासमोर बसलेले.

"नको जाऊस," बाबा म्हणाले.

"तुमीच तर सांगत आलात, बाबा. दुसऱ्यासाठी जीव द्यायला भ्यायचं न्हाई म्हून."

"म्या प्रभूचं सांगत होतो. तुजं न्हाई."

"भीती गेली, हेच सवातंत्र्य, असं बी सांगत होता." तो शांतपणे बोलत होता. "माजी गेली. म्हून चाललो."

बाबा उठून ओसरीवर गेले. मी घरात सगळ्यात जास्त बोलणारी, पण मी नुसती ताटं मांडायला लागले.

पंधरा ऑगस्टला अनावरण होतं. तोवर शिळेवर कापड बांधलं होतं. आधीचे चार दिवस बाबा रोज 'पॉलिश करायचं राहिलंय' म्हणून त्या कापडाच्या आत शिरून बसायचे. झेंडावंदन झालं, कापड सरकलं, आणि नावाखालच्या मोकळ्या जागेत ज्वारीचं भलंमोठं कणीस दिसलं, दोन लांब पानांसकट, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक अक्षर मावेल एवढी जागा त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती. क्रूस कोरला असता तर गावात भलतंच काही सुरू झालं असतं. कणसाला कोण काय बोलणार?

सरपंच जरा हिरमुसले. मग म्हणाले, "असू द्या. मागची बाजू मोकळीच हाय."

जवानाची आई मात्र पुढं झाली. तिनं लेकाच्या नावावरून हात फिरवला, मग कणसावरून फिरवला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. जाताना बाबांपाशी थांबून ती हळूच म्हणाली, "मिस्त्री, तुमचं लेकरू कवा निगनार?" साऱ्या गावात तिला एकटीलाच ते कणीस वाचता आलं होतं. बाबांनी तिच्यापुढं मान खाली घातली. मला त्या क्षणी बाबांची लाज वाटली, हे कबूल करते. तिचा मुलगा जाऊन आमच्यासारख्यांना सुखानं झोप मिळत होती, आणि आम्ही मात्र आपलं पोर लपवायला दगडावर आडोसा करत होतो.

धाकटा सप्टेंबरात गेला. लातूरच्या स्टँडवर मी एकटीच सोडायला गेले होते. गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "आक्का, बाबांनी काय कोरलं, ध्यानात आलं का तुज्या? दाना मातीत पडून मरतो, तवाच कनीस येतं. चर्चमदी त्यांनीच सांगितलेलं." हे बोलून तो हसला आणि गाडीत चढला. मी हे बाबांना सांगितलं नाही. पण त्यांच्या ते ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही. त्यांनी दगड कोरायच्या टाक्या डब्यात भरून माळ्यावर टाकल्या, आणि कबरीची कामंही घ्यायची बंद केली.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संदेशाची पाळी त्यांची होती. ते उभे राहिले, हातातलं बायबल मिटून ठेवलं. मग म्हणाले, "पुत्रानं प्राण दिला, हे आपण गातो. त्या दुपारी बापाचं काय झालं असंल, हे मी कदी इचारलंच न्हाई." आणि खाली बसले. क्रुसावर प्रभूच्या डोक्याशी ठोकलेल्या पाटीवरही नाव एकच होतं, खाली दुसऱ्याला जागा नव्हती; आपल्या शिळेवरही आता ती नाही, म्हणजे धाकटा सुटला, असं मी मनाशी घोकत होते. 

पावसाळ्याच्या तोंडाला धाकट्याचा फोन बंद झाला. त्याची तुकडी वर कुठंतरी हलवली होती, एवढंच कळलं. एक दिवस, तीन दिवस, नऊ दिवस. शनिवारी मी गावी आले. एसटी शाळेपाशी वळली तशी मी मान वळवून आधी शिळेची मागची बाजू बघितली. ती कोरी होती. आता दर वेळी मी तिकडंच आधी बघते.

घरी बाबा ओसरीवर बसले होते. माळ्यावरचा डबा खाली आला होता आणि ते सहाणेवर एकेक टाकी घासत होते. आई आत चुलीकडं तोंड करून बसली होती.

"हे कशाला काढलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी वर बघितलं नाही. "त्याचं नाव दुसऱ्या कुनाला कोरू देनार न्हाई म्या."

त्याच संध्याकाळी फोन आला. रेंज नव्हती म्हणे. तिकडं फार थंडी आहे म्हणाला, आईला भाजी काय केली ते विचारलं, मला चिडवलं. आई रडली, मीही रडले. बाबांनी फोन कानाला लावला आणि "जेवलास का?" एवढंच विचारलं.

मग आम्ही सगळे जेवायला बसलो. टाक्या धार लावून झाल्या होत्या. बाबांनी त्या परत माळ्यावर टाकल्या नाहीत. त्या अजून दाराजवळच्या कोनाड्यात आहेत.