बिनचांदीचं पाणी

धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापलं की जो उग्र वास येतो, तोच आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर असायचा. पाण्यावर चांदीची तार धरून विजेची ठिणगी पाडायची. पाणी हळूहळू पिवळं व्हायचं. तो पिवळेपणा म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, जंतू मारणारे. माझी पीएचडी त्यावरच होती. एका सकाळी जंतू वाढवलेली प्लेट उघडली, तर आदल्या दिवशी तिच्यात घातलेल्या त्या पाण्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. जंतू मेले होते! मी पेढे आणायला निघाले, तेवढ्यात अटेंडंट काका म्हणाले, "मॅडम, हे दुसरी पण पाहा ना." चांदी महाग, म्हणून ठिणगीचं मशीन तपासताना ते आधी टंगस्टनची जुनी तार लावत. एक प्लेट उरली होती म्हणून ते पाणीही मी घालून ठेवलं होतं. तिथेही तसाच गोल. "याच्यात तं चांदीच नव्हती, मंग जंतू काहून मेले?" उत्तर मला लगेच कळलं. ठिणगीनेच पाणी जंतुनाशक झालं होतं, आणि माझा शोधनिबंध तर चांदीचे गुण गात तयार होता. "धुऊन टाकू का?" त्यांनी साधेपणाने विचारलं. मी हो म्हणाले. बेसिनचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी धावले आणि प्लेट हातातून घेतली. निबंध वर्षभर लांबला. आज विद्यार्थी चांगला निकाल घेऊन आले की मी आधी बिनचांदीचं पाणी दाखवायला सांगते. काकांचा 'धुऊन टाकू का?' हा प्रश्नही त्यांना ऐकवते. माझं उत्तर मात्र अजून सांगितलेलं नाही.